निरोप कोण ऐकतो?

मराठी विभागासाठी काहीतरी 'हलकंफुलकं' लिहून द्या, असा संपादक मंडळाचा दरवर्षी आग्रह असतो. मेसमधली डाळ, सबमिशनच्या आदल्या रात्री रंगणारी जर्नल छापण्याची मैफल, साडेदहाला वाजणारी रेक्टर सरांची शिट्टी... मीसुद्धा यातलंच काहीतरी लिहिणार होतो. दोन पानं लिहिलीही. मग फाडून टाकली. गेल्या दीड वर्षात माझ्या घरात जे घडलं आणि त्यात या हॉस्टेलच्या पोरांनी जे केलं, ते सोडून डाळीवर विनोद करायला हात वळेना. तेव्हा विषय जरा जड आहे, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे.

माझी ताई गावाकडे असते. तिचा मुलगा सोन्या तेव्हा तीन वर्षांचा होता. गणपतीत मी घरी गेलो तर पोरगं सारखं कडेवर. एरवी मामा आला म्हणजे अंगणात धिंगाणा घालणारा हा गडी, पण तेव्हा खाली उतरायलाच तयार नव्हता. रात्री झोपेतून उठून रडायचा, "मामा, पाय दुखतोय." आम्ही तेल लावून पाय चोळायचो. आजी म्हणाली, वाढीचं वय आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, नजर लागली. दाजींनी त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कॅल्शियमचं औषध आणि लोहाचं टॉनिक दिलं. मधूनमधून ताप यायचा आणि जायचा. दिवाळीच्या आधी त्याच्या दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं दिसायला लागलं, जणू कुणी ठोसा मारलाय. पडला नव्हता, लागलं नव्हतं. तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी पोटाची सोनोग्राफी करायला लावली. किडनीच्या वरच्या बाजूला गाठ निघाली. आठवड्याभरात ताई, दाजी आणि सोन्या परळच्या टाटा हॉस्पिटलच्या दारात होते आणि मी इथून लोकलने तिकडे पळत होतो.

रोगाचं नाव न्यूरोब्लास्टोमा. नाव ऐकून मला वाटलं मेंदूचा काहीतरी आजार असेल. तसं नाही. मेंदूच्या बाहेर, शरीरभर चेतातंतूंचं एक जाळं असतं. हृदयाचे ठोके, रक्तदाब, घाम हे सगळं आपल्याला न विचारता चालवणारं. त्याला सिम्पथेटिक मज्जासंस्था म्हणतात. त्या जाळ्याच्या कच्च्या, अर्धवट वाढलेल्या पेशींचा हा कॅन्सर. बहुतेक वेळा तो किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत सुरू होतो. पाच वर्षांच्या आतल्या मुलांनाच प्रामुख्याने होतो आणि निदान होईपर्यंत जवळजवळ निम्म्या मुलांमध्ये तो दूरवर पसरलेला असतो. हाडांत, बोन मॅरोमध्ये, लिव्हरमध्ये. डोळ्यांच्या खोबणीच्या हाडात पसरला की डोळ्यांभोवती ते काळंनिळं दिसतं. म्हणजे सोन्याचा पाय खरोखरच दुखत होता. पोटातल्या गाठीने आपली माणसं पायाच्या हाडात पाठवलेली होती.

मी पडलो ई अँड टीसीचा विद्यार्थी. बायोलॉजी बारावीतच सोडलेली आणि त्याबद्दल आनंदही साजरा केलेला. पण वॉर्डाबाहेरच्या बाकावर तासन्‌तास बसायचं तर करायचं काय? वाचायला लागलो. डॉक्टरांना आणि तिथल्या ताई-दादांना विचारायला लागलो. जे हाती लागलं त्याने मी अवाक झालो, कारण सगळा मामला आमच्याच विषयाचा निघाला! सिग्नल, रिसीव्हर, अ‍ॅड्रेस, फीडबॅक. फक्त तारा आणि अँटेनांच्या जागी रेणू.

आता थोडं मागे जाऊ. अगदी मागे, आईच्या पोटात. गर्भ तीन-चार आठवड्यांचा असताना पाठीच्या बाजूला एक नळी तयार होते. पुढे तिचाच मेंदू आणि मज्जारज्जू होतो. या नळीच्या माथ्यावरून काही पेशी सुटतात आणि चक्क प्रवासाला निघतात. या पेशींच्या कडेला 'न्यूरल क्रेस्ट' म्हणतात. यातल्या काही चेहऱ्याची हाडं बनवतात, काही त्वचेचा रंग बनवतात आणि काही खाली उतरून सिम्पथेटिक संस्था आणि अ‍ॅड्रिनलचा गाभा बनवतात. यांना वाट कोण दाखवतं? वाटेवरच्या पेशींनी सोडलेले रेणू. कोंबडीच्या गर्भावर झालेल्या प्रयोगांतून दिसलं आहे, की पाठीकडच्या मोठ्या रक्तवाहिनीतून निघणाऱ्या निरोपामुळे तिच्या आसपास सीएक्ससीएल१२ नावाचा रेणू तयार होतो. प्रवासी पेशींच्या अंगावर त्याचा रिसीव्हर असतो, सीएक्ससीआर४. गंधाच्या मागे जावं तशा त्या पेशी तिथे पोचतात. मग दुसरा निरोप येतो, "आता थांबा, मोठ्या व्हा, चेतापेशी बना." बहुतेक पेशी ऐकतात. एखादी ऐकत नाही.

न्यूरोब्लास्टोमा म्हणजे हे न ऐकणं. बाहेरून आलेला शत्रू इथे कुणीच नाही. मोठं व्हायचं विसरलेली ही आपलीच पेशी, आणि गर्भात शिकलेली प्रवासाची विद्या तिला अजून पाठ आहे. बोन मॅरोमध्येही तोच सीएक्ससीएल१२ भरपूर असतो. तिथे त्याचं काम वेगळं, रक्ताच्या मूळ पेशींना घरात धरून ठेवायचं. पण ज्या कॅन्सर पेशींच्या अंगावर सीएक्ससीआर४ आहे, त्यांना तो जुना ओळखीचा पत्ता वाटतो. त्या तिकडे वळतात. हा रिसीव्हर बोन मॅरोत पोचलेल्या न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींवर सापडतो, हे २००१ पासून माहीत आहे. पुढे गंमत बघा (गंमत म्हणवत नाही, पण शब्द सापडत नाही). पाहुणा तिथे पोचला की यजमानालाच कामाला लावतो. मॅरोतल्या साध्या आधारपेशींना तो इंटरल्यूकिन-६ नावाचा रेणू तयार करायला लावतो. त्या रेणूमुळे हाडं कुरतडणाऱ्या पेशी चेकाळतात आणि कॅन्सर पेशींना जगायला बळही मिळतं. रात्री दोन वाजता एक तीन वर्षांचं पोर "पाय दुखतोय" म्हणून रडतं, त्यामागे हा पत्रव्यवहार असतो.

पण सगळेच निरोप पसरायला मदत करतात असं नाही. काही थोपवूनही धरतात. फ्रान्समधल्या ल्योंच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या न्यूरोब्लास्टोमाच्या पेशी त्यांनी कोंबडीच्या गर्भात, बरोबर न्यूरल क्रेस्टच्या जागी सोडल्या. त्या पेशी नेहमीच्या वाटेने गेल्या, नेहमीच्या ठिकाणी पोचल्या आणि तिथेच गाठी केल्या. पुढे त्यातल्या काही सुटून नसांच्या आणि रक्तवाहिनीच्या कडेकडेने दूर गेल्या. गाठीतल्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारा एक निरोप त्यांना सापडला, सेमाफोरिन-३सी. तो जोवर भरपूर आहे तोवर पेशी एकत्र राहतात. तो आटला की साखळी तुटते आणि पेशी भटकायला मोकळ्या होतात. हॉस्टेलचंही असंच असतं ना? रोज रात्री जेवायला एकमेकांना हाका मारणारी विंग एकत्र राहते. हाका थांबल्या की जो तो आपापल्या खोलीत.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ती सांगतो. त्यासाठी एका बाईंची ओळख करून द्यायला हवी. रिटा लेव्ही-मोंताल्चिनी. इटलीतल्या तुरीन शहरातल्या, जन्म १९०९. त्या ज्यू होत्या. १९३८ साली मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांनी त्यांना विद्यापीठातून बाहेर काढलं. त्यांनी काय केलं? घरातल्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली! शिवणाच्या सुया घासून त्यांची हत्यारं केली आणि कोंबडीची अंडी आणून गर्भातल्या नसांचा अभ्यास सुरू ठेवला. (आपल्याला लॅबमध्ये सीआरओ मिळाला नाही तर आपण प्रॅक्टिकल कॅन्सल झालं म्हणून कँटीनला जातो.) युद्धानंतर त्या अमेरिकेत सेंट लुईसला गेल्या. तिथे कोंबडीच्या गर्भात उंदराची कॅन्सरची गाठ बसवली की गर्भातल्या नसा वेड्यासारख्या वाढतात असं दिसत होतं. त्यांनी ओळखलं की गाठीतून काहीतरी रसायन पाझरतंय. ते सिद्ध करायला १९५२ मध्ये त्या गाठी असलेले दोन उंदीर हँडबॅगेत घालून विमानाने रिओ दि जानेरोला गेल्या, कारण पेशी काचेत वाढवायची सोय तिथे होती. गाठीच्या तुकड्याजवळ ठेवलेल्या चेतापेशींच्या गुच्छाभोवती तंतूंचं प्रभामंडळ उमटलं. तो रेणू म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, एनजीएफ. पुढे स्टॅनली कोहेन यांनी तो वेगळा काढला आणि १९८६ साली दोघांना नोबेल मिळालं.

हा एनजीएफ ऐकणारा रिसीव्हर म्हणजे ट्रॅक-ए. साधं कॉमन सेन्स काय सांगेल? वाढवणारा निरोप ऐकणारा रिसीव्हर ज्या गाठीत जास्त, ती गाठ जास्त वाढणार. १९९३ साली जपानी आणि अमेरिकन संशोधकांनी मोजून बघितलं तर नेमकं उलटं निघालं! ज्या मुलांच्या गाठीत ट्रॅक-ए भरपूर, ती मुलं बहुतेक वाचतात. कारण हा रिसीव्हर असलेली पेशी अजून ऐकण्याच्या स्थितीत असते. एनजीएफ मिळाला तर ती मोठी होते, शहाणी होते. नाही मिळाला तर मरते. दोन्हीकडून फायदाच. आणि त्याच घराण्यातला दुसरा रिसीव्हर ट्रॅक-बी जिथे जास्त, त्या गाठी बहुधा आक्रमक. या पेशी ट्रॅक-बीला लागणारा बीडीएनएफ नावाचा रेणू स्वतःच तयार करतात. स्वतःच बोलायचं, स्वतःच ऐकायचं आणि त्या जोरावर केमोलाही दाद द्यायची नाही. गॅदरिंगला माईक स्पीकरसमोर नेला की जी कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते, तेच हे. पॉझिटिव्ह फीडबॅक. आम्ही सेकंड इयरला ऑसिलेटर म्हणून शिकतो आणि परीक्षा झाली की विसरतो.

अशीच आणखी एक बिघाडाची जागा २००८ मध्ये सापडली. एएलके नावाचा एक रिसीव्हर काही गाठींत इतका बिघडलेला असतो, की कुणी निरोप दिला नाही तरी तो 'आला, आला' म्हणून ओरडत राहतो. स्विच ऑनवरच चिकटलेला. आणि साधारण पाचातल्या एका गाठीत एमवायसीएन नावाच्या जनुकाच्या ढिगाने प्रती झालेल्या असतात. १९८०च्या दशकापासून डॉक्टर ही तपासणी करून मुलाचा धोका ठरवतात. सोन्याच्या रिपोर्टवर त्याच्यापुढे 'अ‍ॅम्प्लिफाइड' लिहिलं होतं. अ‍ॅम्प्लिफायर हा शब्द मी तीन वर्षं रोज ऐकतोय. त्या दिवशी पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

आता माझं मत सांगतो, कारण हा लेख मत मांडण्यासाठीच आहे.

पहिलं मत घरच्या लोकांसाठी. आपल्याकडे मूल आजारी पडलं की पहिला प्रश्न आईला, "तुझ्या आधी कसं लक्षात आलं नाही?" माझ्या ताईला हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की तिने फोन उचलणंच सोडलं. या प्रश्नकर्त्यांना मी जपानची गोष्ट सांगतो. या गाठींतून निघणाऱ्या रसायनांचे अंश लघवीत उतरतात. म्हणून १९८५ पासून जपानमध्ये देशभरातल्या सहा महिन्यांच्या बाळांच्या लघवीची तपासणी सुरू झाली. खूप गाठी सापडल्या. मृत्यू मात्र त्या प्रमाणात कमी झालेले स्पष्टपणे दिसेनात. २००२ मध्ये जर्मनी आणि कॅनडातल्या क्वेबेकमधले अभ्यास प्रसिद्ध झाले, त्यांतही हेच दिसलं, आणि २००३ मध्ये जपानने ही मोहीम थांबवायचा निर्णय घेतला. का? कारण तान्ह्या बाळांत सापडणाऱ्या अनेक गाठी आपोआप जिरतात. होय, आपोआप! काही बाळांत तर लिव्हरपर्यंत, कातडीपर्यंत पसरलेला रोगसुद्धा फारशा उपचारांशिवाय नाहीसा होतो. आणि खऱ्या वाईट गाठी वेगळ्या जातीच्या असतात, त्या तपासणीनंतर उगवतात आणि झपाट्याने पसरतात. तेव्हा आधी का नाही कळलं, या प्रश्नाचं उत्तर आईच्या निष्काळजीपणात शोधू नका.

याचा अर्थ लक्षणांकडे डोळेझाक करा असा मुळीच नाही. ती वेगळी गोष्ट. धडधाकट बाळांना सरसकट तपासणं निराळं आणि आठवडेन्‌आठवडे पाय दुखणाऱ्या, लंगडणाऱ्या, फिकट पडलेल्या, ताप येणाऱ्या मुलाला तपासणं निराळं. त्याला टॉनिकवर ठेवू नका. साध्या सोनोग्राफीने पोटातली गाठ दिसते. तुमच्यापैकी कुणाच्या घरी लहान भावंडं, भाचे-पुतणे असतील तर एवढं लक्षात ठेवा. पोर पाय दुखतो म्हणतं ते शाळा चुकवायला म्हणतं असं दर वेळी नसतं.

दुसरं मत आपल्या लोकांसाठी, म्हणजे इंजिनिअरांसाठी. आपण अकरावी-बारावीत मॅथ्सवाले आणि बायोवाले अशी जी भिंत बांधतो, ती पुढे आयुष्यभर पाडत नाही. सिग्नल म्हणजे व्होल्टेज एवढंच आपल्याला शिकवलं जातं. रिसीव्हर म्हणजे बिचारा, येईल ते घेणारा. पण इथे बघा, निरोपापेक्षा ऐकणारा महत्त्वाचा. एकाच घराण्यातले निरोप, पण ट्रॅक-ए ऐकतोय की ट्रॅक-बी, यावर मुलाचं आयुष्य ठरतं! आणि यावरचे उपायही ऐकणाऱ्याच्याच भाषेतले आहेत. सोन्याला एमआयबीजी नावाचं स्कॅन केलं. नॉरअ‍ॅड्रिनलिनसारखा दिसणारा एक रेणू घ्यायचा, त्याला किरणोत्सारी आयोडिन चिकटवायचं आणि रक्तात सोडायचं. कॅन्सर पेशी फसतात, ओळखीचा समजून आत घेतात आणि गॅमा कॅमेऱ्यावर चमकतात. कॅमेरा कुणी बनवला? इंजिनिअरांनी. चित्र कुणाच्या अल्गोरिदमने उमटतं? आपल्याच भाऊबंदांच्या. फायनल इयरला तेच ते ट्रॅफिक सिग्नल आणि लाइन फॉलोअर रोबो करण्यापेक्षा एखाद्या ग्रुपने जवळच्या हॉस्पिटलात जाऊन, त्यांना काय अडतंय हे विचारून प्रोजेक्ट केलं तर? स्टाफने या सूचनेचा जरूर विचार करावा, ही नम्र विनंती.

सोन्याच्या उपचारांचा पाढा वाचत बसत नाही. केमो, ऑपरेशन, स्वतःच्याच मूळ पेशींचं प्रत्यारोपण, रेडिएशन, सगळं झालं. सध्या त्याला जी गोळी चालू आहे तिचं नाव ऐकून आमच्या विंगमधला एकजण उडालाच. आयसोट्रेटिनॉइन! त्याला हीच गोळी स्किनच्या डॉक्टरांनी मुरुमांसाठी दिली होती. 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं हे औषध. या कुळातल्या रेटिनोइक आम्लामुळे काचेतल्या न्यूरोब्लास्टोमा पेशी वाढायच्या थांबतात आणि त्यांना चेतापेशींसारखे तंतू फुटतात, हे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसलं होतं. १९९९ मध्ये मोठ्या चाचणीने दाखवून दिलं, की केमो संपल्यावर ही गोळी दिली तर रोग उलटण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे मारण्यापलीकडे जाऊन पेशीला पुन्हा एकदा तो राहून गेलेला निरोप द्यायचा, "बाळा, आता मोठा हो." चौदा दिवस गोळी, चौदा दिवस सुट्टी. कॅप्सूल गिळता येत नाही म्हणून ताई ती टोचून तुपाच्या शिऱ्यात घालते. ओठ फुटतात, कातडी सोलते, चिडचिड करतो. पण खातो. या रोगाच्या धोक्याच्या गटातली साधारण निम्मी मुलं वाचतात असं डॉक्टर सांगतात. सोन्या कुठल्या निम्म्यात, ते आज कुणीच सांगू शकत नाही. आम्ही विचारणं सोडलंय.

आणखी एक औषध आहे. या पेशींच्या अंगावरची जीडी२ नावाची खूण ओळखून तिला चिकटणारी अँटिबॉडी. अमेरिकेत २०१५ मध्ये तिला मंजुरी मिळाली. तिच्यामुळे मुलं वाचायचं प्रमाण वाढलं. पण तिची किंमत आपल्याकडच्या बहुतेक घरांच्या आवाक्यात येत नाही. आमच्याही आली नाही. दाजींनी दोन एकर विकायची तयारी केली होती. हिशेब मांडला तर तेवढ्यानेही भागत नव्हतं. ज्ञान पोचलंय, औषध पोचलं नाही. यावर काय बोलायचं? मोठा झाल्यावर आपल्यातल्या कुणीतरी, बायोटेकवाल्याने म्हणा की केमिकलवाल्याने, हे स्वस्तात बनवून दाखवावं, एवढंच.

आता जे आपल्या आवाक्यात आहे त्याबद्दल. आणि हेच माझं मागणं.

केमोने कॅन्सर पेशींबरोबर बोन मॅरोचंही कंबरडं मोडतं. प्लेटलेट्स पडतात. नाकातून रक्त यायला लागलं की थांबत नाही. प्लेटलेट्स वर आल्याशिवाय पुढची केमो देता येत नाही आणि केमो लांबली की रोगाला सवड मिळते. पहिल्यांदा सोन्याला प्लेटलेट्स लागल्या तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. मी हॉस्टेलच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. खरं सांगायचं तर आशा नव्हती. दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं. सकाळी सहाच्या लोकलला आमच्या विंगचे चौघे स्टेशनवर उभे! त्यातल्या एकाशी माझं फर्स्ट इयरपासून बोलणं नव्हतं. एकाची नस बारीक निघाली, एकाच्या प्लेटलेट्स कमी भरल्या, दोघांचं जमलं. दीड तास हाताला नळी लावून दोघे पडून होते. मशीन रक्त घेतं, प्लेटलेट्स काढून घेतं आणि उरलेलं परत देतं. नंतर धर्मशाळेत ताईने त्यांना चहा दिला. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, जिथे आमच्यासारखी शेकडो माणसं राहून उपचार घेतात. ताई काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. पुढच्या वर्षभरात या हॉस्टेलची अकरा पोरं तिकडे जाऊन आली.

परत आल्यावर त्या चौघांची त्या दिवसाची गैरहजेरी लागली आणि एकाचं सबमिशन लेट धरलं गेलं. तक्रार म्हणून सांगत नाही. नियम नियमाच्या जागी. पण विचार करायला हवा.

आपल्या कॉलेजात दरवर्षी जानेवारीत रक्तदान शिबिर होतं. मोठा मांडव, पाहुणे, सर्टिफिकेट, बिस्किटं, फोटो. चांगलंच आहे, होऊ दे. पण साठवलेल्या प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात. त्याही थंड करून नाही, साधारण बावीस अंशांवर सतत हलत्या ठेवून. म्हणजे जानेवारीतल्या शिबिराचा मार्चमधल्या मुलाला काडीचा उपयोग नाही. इथे एकदाच ढीगभर नको, वर्षभर थोडं थोडं हवं. इंडस्ट्रियलवाल्यांना हे समजावून सांगायला नकोच. प्लेटलेट्स देणाऱ्याला अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा देता येतात, आठवड्यात जास्तीत जास्त दोनदा आणि वर्षात चोवीस वेळा. वय अठराच्या वर, वजन पन्नास किलोच्या वर, मागच्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नको. बाकीचं ब्लड बँक तपासून घेते. "अशक्तपणा येतो" ही भीती घरच्यांना वाटते, माझ्या आईलाही वाटायची. गेलेल्या प्लेटलेट्स शरीर काही दिवसांत भरून काढतं. त्या अकरा जणांपैकी एकही आजारी पडला नाही, उलट दोघांनी त्याच आठवड्यात इंटर-हॉस्टेल कबड्डी खेळली. (हरलो, पण ते वेगळ्या कारणाने.)

म्हणून सूचना अशी. मुलांच्या आणि मुलींच्या दोन्ही हॉस्टेलमध्ये प्लेटलेट्स देणाऱ्यांची एक यादी असावी. नाव, रक्तगट, मोबाइल, शेवटचं कधी दिलं. दर आठवड्याला एका विंगची पाळी. ज्याची परीक्षा किंवा ओरल असेल त्याने बिनदिक्कत नाही म्हणावं, पुढच्याला फोन जाईल. सक्ती नको, सर्टिफिकेटही नको. स्टाफकडे दोनच गोष्टी मागतो. ब्लड बँकेची चिठ्ठी दाखवली तर त्या दिवशीची हजेरी मिळावी आणि रात्री उशीर झाला तर रेक्टर सरांनी गेट उघडावं. सर रागावणार नाहीत ही आशा, कारण एकदा त्यांनी स्वतःच स्कूटरवरून पोरांना स्टेशनवर सोडलंय. हे त्यांनी कुणाला सांगू नको म्हटलं होतं. सांगून टाकलं, माफी असावी.

मागच्या रविवारी सोन्याला भेटून आलो. डोक्यावर केस आलेत, कुरळे. आधी सरळ होते. बाकावर बसून पाय हलवत होता. मला म्हणाला, "मामा, तुझे ते मित्र का नाही आले?" त्याला त्यांची नावं माहीत नाहीत. 'लाल शर्टवाला' आणि 'मिशीवाला' एवढंच माहीत. मी म्हटलं, येतील.

यादी रूम नंबर बत्तीसच्या दारावर लावली आहे. पेनही बांधून ठेवलंय. आतापर्यंत एकोणीस नावं झालीत.

— एक हॉस्टेलाइट, तृतीय वर्ष, ई अँड टीसी